स्वस्त भीतीचा बाजार

(अल्लीपूर, जिल्हा वर्धा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांच्या बैठकीत कापसाचा भाव, कर्जाचा बोजा, रोजगार हमी हे विषय यावेत हे रीतीला धरून आहे. त्यांच्या पंक्तीला हलक्या खर्चात काढलेले भयपट आणि रक्तपट आणून बसवले, तर काही ज्येष्ठांनी नाके मुरडावीत हेही रीतीला धरूनच झाले. परंतु ज्या श्रमिक माणसाच्या नावाने आपण बोलतो, तो आपल्या फुरसतीचे तास आणि खिशातली मोड कोठे खर्च करतो याची चौकशी करणे हा अर्थशास्त्राचाच भाग आहे. ती चौकशी टाळून केलेला उपदेश त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

नाके मुरडण्याची परंपरा या जिल्ह्यात तर फार थोर आहे. १९२७-२८ साली सरकारने नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीला गांधीजींनी कळवले होते की आपण चित्रपट पाहिलेला नाही, आणि तरीही त्यातील अपाय त्यांना उघड दिसत होता. १९३६ पासून ते सेवाग्रामला राहिले; १९४४ साली जुहूला ‘रामराज्य’ या चित्रपटाचा काही भाग त्यांनी पाहिला; हिंदी चित्रपटाशी त्यांचा संबंध आला तो एवढाच. १९३९ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘फिल्मइंडिया’ मासिकात त्यांना अनावृत पत्र लिहून, चित्रपटाला जुगार आणि शर्यतीच्या रांगेत बसवू नका अशी विनंती केली होती. महात्म्याशी वाद घालणे हे त्या काळात सोपे काम नव्हते. पण त्या पत्रातील मूळ प्रश्न अजून शिळा झालेला नाही. जे पाहिलेच नाही त्याविषयीचे मत कितपत ग्राह्य धरायचे?

आजचा विषय मात्र ‘रामराज्या’चा नाही. इंग्रजीत ज्याला ‘स्लॅशर’ म्हणतात, म्हणजे मुखवटा घातलेला किंवा अंधारात दडलेला मारेकरी चाकू, कोयता वा कुऱ्हाड घेऊन चार-सहा तरुणांना एकामागून एक ठार करतो, त्या जातीचे हे चित्रपट आहेत. आपल्याकडे हा प्रकार शुद्ध स्वरूपात क्वचितच आढळला. येथे मारेकऱ्याला भुताचे अंग मिळाले, भुताला हवेली मिळाली, हवेलीला ठाकूर मिळाला, आणि त्यात गाणी व विनोदवीर यांची भर पडली. या मिश्रणाचा कारखाना चालवला तो मुंबईच्या रॅमसे बंधूंनी.

त्यांच्या धंद्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. वडील एफ. यू. रॅमसे, मूळचे रामसिंघानी, कराचीत रेडिओचे दुकान चालवीत. फाळणीनंतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर आले. त्यांना सात मुलगे. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा त्यांचा चित्रपट कोसळला. तरीही भयानक मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात तेवढा एक प्रसंग पाहायला लोक पुन्हा पुन्हा येत, हे मुलांच्या लक्षात आले. पडलेल्या चित्रपटाच्या प्रेक्षागारात बसून केलेली ही बाजाराची पाहणी होती, आणि विद्यापीठातल्या पुष्कळ पाहण्यांपेक्षा ती बरी ठरली. १९७२ साली, म्हणजे महाराष्ट्रात दुष्काळाने हाहाकार मांडला होता त्या वर्षी, ‘दो गज जमीन के नीचे’ आला. महाबळेश्वरला मुक्काम ठोकून, सुमारे ४० दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात तो पुरा झाला. तीनच वर्षांनी आलेल्या ‘शोले’चा खर्च सुमारे ३ कोटी सांगितला जातो. ढोबळ हिशेबाने त्या पैशात असे ऐंशीहून अधिक चित्रपट निघाले असते.

एवढी काटकसर कोठून आली? एक भाऊ पटकथा पाही, एक कॅमेरा, एक ध्वनी, एक संकलन. दोघे दिग्दर्शन करीत. स्वयंपाकपाण्याला घरच्या बायका. यंत्रसामग्रीपेक्षा घरची माणसे हेच त्यांचे भांडवल होते. रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव याने शेतकरी कुटुंबाविषयी जो सिद्धांत मांडला तो या ठिकाणी चपखल बसतो. कुटुंब स्वतः राबते तेव्हा मजुरी हिशेबात धरली जात नाही, म्हणून भांडवलदाराला जेथे तोटा येईल तेथेही ते तग धरते. अल्लीपूरच्या कापूस उत्पादकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. घरच्या माणसांची निंदणी-वेचणी त्याने खर्चात धरली, तर त्याची वही कधीची लाल शाईने भरून गेली असती.

दुसरी काटकसर नटाच्या मानधनाची. रिकार्डोने सुपीक जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले, ते लोकप्रिय नटाच्या मानधनाला जसेच्या तसे लागू पडते. तो चेहरा एकच आहे, दुसरा पिकवता येत नाही, म्हणून त्याचा मालक वाटेल तो खंड मागतो. रॅमसेंनी ही जमीनच घेतली नाही. नवशिके नायक-नायिका, उतरत्या वयाचे नामवंत, आणि महाबळेश्वरचा बंगला किंवा मुरूडच्या नवाबाचा वाडा यांवर त्यांनी भागवले. रात्र फुकट होती. धूर, वारा आणि दाराची करकर यांनाही फारसे पैसे पडत नाहीत. भीती हा असा माल आहे की तो न दाखवण्यातूनच जास्त तयार होतो.

अमेरिकेतही याहून वेगळे घडले नाही. जॉन कारपेंटरचा ‘हॅलोविन’ १९७८ साली सव्वातीन लाख डॉलर्सच्या आसपास निघाला. त्यातील मारेकऱ्याचा मुखवटा दुकानातून दोनेक डॉलरला आणलेला तयार मुखवटा होता, पांढरा रंग फासलेला. आणि अंगावर काटा आणणारे संगीत दिग्दर्शकाने स्वतःच रचले. ‘फ्रायडे द थर्टींथ’ची जाहिरात १९७९ साली व्यापारी पत्रात पानभर छापली गेली तेव्हा चित्रपट तयार नव्हताच. नाव आधी विकले, माल मागाहून बनवला. साडेपाच लाख डॉलर्स खर्चाच्या त्या चित्रपटाने १९८० साली अमेरिकेतच सुमारे ४ कोटी डॉलर्सचा गल्ला जमवला. सट्टेबाजारातील वायद्याचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आपल्याकडील हा माल मोठ्या शहरांच्या झगमगत्या चित्रगृहांवर अवलंबून नव्हता. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचे नाव नकाशावरून गेले, तरी चित्रपट वितरणाच्या वहीत ‘सी. पी. बेरार’ हा विभाग कायम राहिला. अमरावती-भुसावळच्या वितरकांकडून पेट्या सुटत. नव्या मोठ्या चित्रपटाची पेटी आधी नागपूर-अमरावतीला जाई, तेथे रिळे झिजत, आणि तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत त्या चित्रपटातली गाणी लग्नाच्या बँडवर जुनी झालेली असत. भयपटाला नावाजलेला नट नसल्यामुळे वितरकाला तो थोड्या रकमेत मिळे, आणि तो लहान गावांत, यात्रेतल्या तंबूत, टुरिंग टॉकीजमध्ये लावणे परवडे. थोडक्यात, मोठ्या भांडवलाने ज्या प्रेक्षकाला शिळे अन्न वाढले, त्याला या छोट्या भांडवलाने ताजे वाढले. ते अन्न पौष्टिक होते की नाही हा पुढचा प्रश्न.

आता त्या माणसाला हे का आवडले याचा विचार करू. कापसाचा भाव पडेल, पाऊस ओढ देईल, सावकार दारात येईल, या धास्तीत जो बाराही महिने राहतो, त्याने पदरचे पैसे देऊन आणखी भीती का विकत घ्यावी? २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. ती कशामुळे जाहीर करावी लागली ते येथे सांगायला नको. या भीतीला चेहरा नसतो. ती व्याजाच्या आकड्यात असते, आभाळात असते, मुलीच्या लग्नाच्या तारखेत असते. पडद्यावरील भीतीला मात्र चेहरा असतो, तिच्यावर ओरडता येते, शेजारच्याचा हात धरता येतो, आणि अडीच तासांनी दिवे लागतात. कर्जाच्या भीतीत दिवे लागण्याची वेळ ठरलेली नसते. पिटातल्या प्रेक्षकाने एकाच वेळी किंचाळणे आणि त्याच्या मागोमाग हसणे, हा सामुदायिक अनुभव आहे, आणि एकट्याने कुढण्याची सवय लागलेल्या माणसाला त्याचे मोल वाटते यात विकृती कसली?

दुसरे कारण बारकाईने पाहावे असे आहे. मोठ्या चित्रपटात नायक मरणार नाही हे तिकीट काढतानाच ठाऊक असते. त्याच्यावर इतका पैसा लागलेला असतो की मृत्यूसुद्धा त्याच्या वाटेला जात नाही. स्वस्त भयपटात ही हमी नाही. मोटारीतून आलेल्या पाचही जणांचे चेहरे सारखेच अनोळखी, तेव्हा आज कोणाची पाळी हे कोणालाच सांगता येत नाही. गरिबीमुळे का होईना, पण पडद्यावर एक प्रकारची समता येते. शिवाय शहरातली, पैसेवाली, कॉलेजातली मुले हवेलीच्या फाटकाशी येतात तेव्हा कंदील घेतलेला म्हातारा पहारेकरी त्यांना ‘आत जाऊ नका’ म्हणून बजावतो. ती त्याला हसतात. तंबूत खाली बसलेला मजूर या क्षणी कोणाच्या बाजूला असतो? तो पहारेकऱ्याच्या बाजूला असतो. ज्ञान या ठिकाणी चाकराकडे आहे आणि अडाणीपणा धन्याच्या लेकरांकडे. मराठी वा हिंदी पडद्यावर गरीब माणसाचे शहाणपण इतक्या साध्या रीतीने क्वचितच सिद्ध झाले असेल.

पण हेच नेमके या चित्रपटांच्या उणिवांचेही मूळ आहे. रबरी मुखवटे, लाल रंगाचे रक्त, सुटलेला धागा यांवर विद्वान समीक्षक हसतात. ते हसणे फुकट आहे. पैसे नव्हते म्हणून मुखवटा रबरी झाला. खरी उणीव अशी की ज्या पहारेकऱ्याला सगळे ठाऊक आहे, तो आरंभीच मरतो आणि त्याच्या मरणाची नोंद कोणी घेत नाही. तो केवळ धोक्याची घंटा म्हणून आणलेला असतो. नंतर कथा मोटारवाल्यांच्या जिवाची चिंता करू लागते.

प्रत्यक्ष जीवनात मुंबईला काय घडले ते आठवून पाहावे. साठाच्या दशकात रामन राघव याने उपनगरांतील फूटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांची डोकी फोडली. शहर भीतीने गोठले होते. ऑगस्ट १९६८ मध्ये तो पकडला गेला. तो मनोरुग्ण ठरल्याने १९८७ साली त्याची फाशी रद्द झाली, आणि १९९५ साली तो पुण्यात मरण पावला. एखाद्या अमेरिकन लेखकाला जे सुचले नसते ते येथे घडले होते, आणि बळी होते ते ज्यांना दाराला कडी लावण्याची सोय नव्हती असे लोक. तरी त्या काळच्या कोणत्याही स्वस्त भयपट कारखान्याला हा विषय सुचला नाही. श्रीराम राघवन यांनी त्यावर छोटा चित्रपट केला तो १९९१ साली. फूटपाथवरील मरण विकले जात नाही, कारण तेथे हवेली नसते, गाणे म्हणण्यासारखी बाग नसते, आणि मेलेल्याचे नावसुद्धा बहुधा कोणाला माहीत नसते.

दुसरे उदाहरण पुण्याचे. १९७६-७७ सालच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने महाराष्ट्र हादरला. मारेकरी कलाशाळेत शिकणारे तरुण होते, आणि त्यांच्यापैकी चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्यावरील ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट १९८६ साली आला. नाना पाटेकरांची त्यातील भूमिका पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही, ती तिच्या साधेपणामुळे. मारेकरी शेजारी राहतो, चहा पितो, मोटारसायकल चालवतो. त्याच सुमारास रॅमसेंचे राक्षस मात्र केसाळ, विद्रूप, लाल डोळ्यांचे होते. पाप विद्रूपाच्या अंगी असते आणि रूपवान माणूस निर्दोष असतो, ही समजूत या चित्रपटांनी पोसली. ज्यांना जन्माने किंवा आजाराने निराळा चेहरा मिळाला त्यांच्यावर हा अन्याय आहेच. पण त्याहून, खऱ्या गुन्हेगाराला ही फार मोठी सवलत आहे.

‘पुराना मंदिर’ (१९८४) हा या कारखान्याचा सर्वांत गाजलेला माल. सामरी नावाच्या अघोरी नराधमाला एक राजा मृत्युदंड देतो. धड एकीकडे आणि शिर दुसरीकडे ठेवले जाते. मरताना तो शाप देतो की राजघराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनी त्या वंशातील मुलगी आणि तिचा गरीब प्रियकर हवेलीत जातात. कथेचे बीज पाहिले तर त्यात केवढा इतिहास आहे! सरंजामी न्याय, एकाच्या कृत्याची शिक्षा पिढ्यान्पिढ्या स्त्रियांनी बाळंतपणात भोगणे, सासऱ्याला नको असलेला निर्धन जावई. दिग्दर्शकाच्या हाती हे सारे आले होते. पण राजाचा न्याय हा न्यायच होता असे धरून चित्रपट पुढे जातो. हवेली कोणाच्या घामावर उभी राहिली हे विचारत नाही. आणि शेवटी त्रिशूळ येऊन सर्व प्रश्न मिटवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हवेली कोणाच्या नावावर असते? ज्यांच्या होती त्यांच्याच. मधल्या वेळात जगदीप ‘शोले’च्या गब्बरची नक्कल करून हशा मिळवतो, म्हणजे ज्या थाळीत वाटा मिळाला नाही तिचे उष्टेही वापरून टाकतो.

याच्याशी अमेरिकेतील ‘टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ची (१९७४) तुलना करावी. नाव ऐकून सभ्य माणूस उठून जाईल. पण त्यातील मारेकरी कुटुंब खाटिकखान्यात पिढीजात काम करणारे आहे. जनावर मारण्याची नवी यंत्रबंदूक आली, लोकांची कामे गेली, हे त्यातील एक पात्र आरंभीच बोलून दाखवते. बेकारीतून आलेला हा राक्षस आहे. त्याला शाप द्यायला मांत्रिक लागत नाही. हातमाग आणि गिरणी या दोन्हींचे मरण पाहिलेल्या महाराष्ट्रात असा चित्रपट निघायला हवा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि पुढील वर्षांत लालबाग-परळमध्ये भोंग्याविना पहाट होऊ लागली. रॅमसेंच्या गाजलेल्या चित्रपटांत त्या काळातही भीतीचे घर हवेलीच राहिले. बंद गिरणी त्यांच्या लॅमिंग्टन रोडपासून फार दूर नव्हती.

स्त्रियांची गोष्ट आणखी वाईट. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासिकेने दाखवून दिले आहे की तिकडच्या रक्तपटात सगळे मेल्यावर शेवटी एक मुलगी उरते आणि तीच मारेकऱ्याशी झुंजते. पुरुष प्रेक्षकही तोवर तिच्या डोळ्यांनी पाहू लागलेला असतो. आपल्या नकलेत मारेकऱ्याचा चाकू आला, मुलीचे झुंजणे आले नाही. तिला न्हाणीघरात दाखवायचे, किंचाळायला लावायचे, आणि सोडवायला नायक अथवा देव पाठवायचा. कॅमेरा तिच्याकडे मारेकऱ्याच्या नजरेने पाहतो आणि प्रेक्षकालाही तसेच पाहायला शिकवतो. रात्रीच्या खेळाला स्त्रिया अभावानेच येत, त्यामुळे याचा निषेध तंबूत कोणी केला नाही.

अंधश्रद्धेच्या प्रश्नाविषयी कार्यकर्त्यांत दोन मते आढळतात. भुताचे चित्रपट भुतावरचा विश्वास वाढवतात, म्हणून ते बंद करावेत, असे एक मत. ते घाईचे आहे. भानामती आणि करणी यांचा उगम चित्रपटात नाही. पडदा आला त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव त्यांचे पीक निघत होते. माणूस तंबूत घाबरतो आणि घरी जाताना त्या राक्षसाची नक्कल करून मित्रांना हसवतो. त्याला दोन्हींतला फरक कळतो. ‘पुराना मंदिर’मध्येच सदाशिव अमरापूरकर होते, आणि पडद्याबाहेर हेच अमरापूरकर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात मनापासून होते. त्यांना यात विसंगती वाटत नसावी, आणि प्रेक्षकाला ती वाटण्याचे कारण नव्हते. नटाने पोटासाठी केलेल्या भूमिकेवरून त्याची विचारसरणी मापणारे लोक स्वतः कोणत्या कचेरीत नोकरी करतात तेही पाहावे लागेल.

अपाय आहे तो दुसरीकडे. या चित्रपटांत शेवटी मशाली घेतलेला जमाव येतो, आणि ज्याच्यावर किंवा जिच्यावर चेटकाचा आरोप आहे तिला जाळणे हे पुण्यकृत्य म्हणून दाखवले जाते. जमावाची खात्री हाच पुरावा. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यानंतरच जो लागू झाला, त्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचावी. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे, एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचे जगणे अवघड करणे, हे तेथे गुन्हे म्हणून नोंदले आहेत. पडद्यावरचा नायक ज्या गर्दीचे नेतृत्व करतो ती गर्दी या अनुसूचीच्या फार जवळून चालते. भुतावर विश्वास ठेवायला शिकवल्याचा दोष या चित्रपटांना देण्यापेक्षा, जमावावर विश्वास ठेवायला शिकवल्याचा द्यावा.

मराठी माणसाने या प्रकाराला दिलेले उत्तर गमतीचे आहे. १९८८ साली अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’ आला: मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि हातात सुरी घेतो. महेश कोठारे यांनी १९९३ साली त्याचा ‘झपाटलेला’ केला. बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला, दिलीप प्रभावळकरांनी तात्या विंचू रंगवला, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी भीतीला हशाची कल्हई केली. मूळ चित्रपटात दुकानात नोकरी करणारी आई मुलाने हट्ट धरलेला महागडा बाहुला फेरीवाल्याकडून स्वस्तात घेते. जाहिरातीने मुलांच्या मनात पेरलेली हाव आणि आईची रिकामी पर्स यांतून संकट घरात येते. हा बाजाराचा धागा मराठीत गळून गेला. तरी गावोगावची मुले वर्षानुवर्षे त्या बाहुल्याला घाबरत हसत आली, हे काही कमी नाही. भुताला हसण्याची सवय प्रवचनाने लागत नाही.

बंदीची मागणी करणाऱ्यांनी अब्बास यांची पुढची हकीकतही ध्यानात ठेवावी. चार शहरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा ‘चार शहर एक कहानी’ हा छोटा अनुबोधपट त्यांनी काढला, तेव्हा सेन्सॉरने त्यालाच कात्री लावायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७० साली न्यायालयाने चित्रपटाची पूर्वतपासणी घटनेला धरून आहे असा निर्णय दिला. सामरीला प्रौढांचे प्रमाणपत्र मिळून तो तंबूत पोहोचला. कात्रीच्या हाती काय काय लागू शकते याचा अंदाज त्यावरून यावा.

मग करायचे काय? याचे उत्तर कोणी ग्रंथात शोधू नये, चळवळीच्या जुन्या खटाटोपात शोधावे. पांढरपेशा घरांत तमाशाचे नाव काढणे पाप समजले जाई त्या काळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गण-गवळण-वग यांचा साचा उचलला आणि त्यात आपले म्हणणे भरले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे तेथूनच आले. साचा हलका आहे म्हणून त्यांनी टाकला नाही. भयपटाच्या साच्याचेही तसेच करता येते, आणि एका मराठी चित्रपटाने ते केलेही आहे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) कर्ज देणाऱ्यांच्या मारापासून पळालेले एक जोडपे उसाच्या फडातील एकाकी घरात आसरा घेते. बायको गरोदर आहे. फडात लहान मुले लपाछपी खेळताना दिसतात, आणि हळूहळू उलगडते की खरी भीती त्या मुलांची नाही, तर ‘मुलगाच हवा’ म्हणणाऱ्या जिवंत माणसांची आहे. उषा नाईक यांनी रंगवलेली घरची बाई प्रेमाने जेवू घालते तेव्हा जास्त भीती वाटते. हवेली नाही, त्रिशूळ नाही. ऊस आहे, कर्ज आहे, गर्भाशय आहे. गर्भजल चिकित्सेवर कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ साली. आणि २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे राज्यात ८९४, तर ऊसतोडणी मजुरांच्या बीड जिल्ह्यात ८०७ मुली. एवढे आकडे व्याख्यानात ऐकून किती लोक दचकतात? ‘लपाछपी’ पाहणारे दचकले. पुढे त्याच दिग्दर्शकाने २०२१ साली तो हिंदीत ‘छोरी’ या नावाने केला. त्यातही गोड बोलणे कधी कधी लांबते आणि शेवटी सगळे शब्दांत सांगून टाकण्याचा मोह होतोच. परंतु गर्भवती बाईच या वेळी स्वतः लढते, आणि गुन्हा विद्रूपाच्या नव्हे, कुटुंबाच्या माथी लागतो.

जाता जाता श्रमाचा प्रश्न. ‘टेक्सास चेन सॉ’ने वितरकाला अफाट पैसा मिळवून दिला, टेक्सासच्या उन्हाळ्यात कुजक्या हाडांच्या सेटवर राबलेल्या नट-तंत्रज्ञांना नफ्यात वाटा कबूल केला होता, आणि हाती पडली ती किरकोळ रक्कम. आपल्याकडे १९८१ साली चित्रपट कामगारांच्या कल्याणनिधीचा आणि त्यांच्या नोकरीच्या अटींचा असे कायदे झाले. कागदोपत्री करार असावा असे त्यांत म्हटले होते. स्वस्त चित्रपटाच्या स्वस्ताईत घरच्या माणसांचे फुकटचे श्रम होते, तसेच बाहेरून आणलेल्या प्रकाशवाल्याचे, रंगभूषाकाराचे, उंचावरून उडी मारणाऱ्या बदली नटाचेही होते. १९९३ पासून रॅमसेंची भुते दूरचित्रवाणीवर ‘झी हॉरर शो’तून घरोघर गेली, तुलसी रॅमसे २०१८ साली आणि श्याम रॅमसे २०१९ साली निवर्तले, त्यांचे जुने चित्रपट आज खेड्यातल्या मुलाच्या मोबाइलवर फुकट उघडतात. प्रत्येक वेळी मध्येच जाहिरात येते आणि तिचे पैसे कोणाला तरी मिळतात. ज्याने रात्रभर धुराचे मशीन फिरवले होते, त्याच्या नावाची पाटी तर त्या चित्रपटात नव्हतीच.